घरातलं माणूस दारूत अडकलं असेल तर: घरच्यांनी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

दारू सोडण्याबद्दलचं बहुतेक लिखाण पिणाऱ्यासाठी असतं. हा लेख त्याच्या बायकोसाठी, आईसाठी, बहिणीसाठी, मोठ्या झालेल्या मुलासाठी आहे. रात्री अकरा वाजता जिन्यावर पावलं वाजली की ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी. इथे दारूबद्दलच लिहिलंय, कारण आपल्या घरांमध्ये सगळ्यात जास्त तीच आहे. गर्द (म्हणजे ब्राउन शुगर), गांजा, झोपेच्या गोळ्या यांच्या बाबतीत जिथे वेगळं वागावं लागतं तिथे तसं सांगितलंय. ‘तो’ असं लिहिलं असलं तरी बायकाही व्यसनात अडकतात. त्यांचं व्यसन घरातच जास्त लपवलं जातं आणि त्यामुळे त्यांना उपचार आणखी उशिरा मिळतात.

दिल्लीच्या एम्सने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी देशभर पाहणी केली होती. २०१९ साली तिचा अहवाल आला. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे फक्त एकाने कसला ना कसला उपचार मिळाल्याचं सांगितलं होतं. उरलेले ३७ जण घरीच आहेत, आणि त्यांचं व्यसन घरचेच सांभाळतायत. म्हणून घरच्यांच्या वागण्याला फार महत्त्व आहे. तो कधी सोडेल हे तुमच्या हातात नाही. पण तो उपचाराच्या दारापर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढवणं बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे, आणि ते रडून, भांडून किंवा शपथा घालून होत नाही.

आधी नक्की काय चाललंय ते बघा

‘श्रावणात महिनाभर शिवतसुद्धा नाही, मग मी व्यसनी कसा?’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. गटारीला पोटभर प्यायचं, महिनाभर पाळायचं आणि गणपती उठले की पुन्हा सुरू, हे अनेकांना जमतं. न पिता किती दिवस राहिला यापेक्षा प्यायला बसल्यावर थांबता येतं का, ते बघा. एक क्वार्टर ठरवून बसलेला माणूस दर वेळी तिसऱ्याला पोहोचतो का? पूर्वी जेवढ्याने चढायची तेवढ्याने आता काहीच होत नाही का? सकाळी चहाचा कप धरताना हात थरथरतो आणि थोडी घेतली की थांबतो का? बाटली कपाटामागे, गाडीच्या डिकीत, पाण्याच्या बाटलीत सापडते का?

डॉक्टर चार साधे प्रश्न विचारतात. कमी करायला हवी असं कधी वाटलं का? कुणी पिण्यावरून बोललं की चीड येते का? पिण्याबद्दल अपराधी वाटतं का? सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागते का? दोन प्रश्नांना ‘हो’ आलं तरी तज्ज्ञाला दाखवायला पुरेसं कारण आहे. हे प्रश्न खरं तर त्यालाच विचारायचे असतात, पण त्यांची उत्तरं घरच्यांनाही बहुतेक माहीत असतात.

मग दोन-तीन आठवडे एका वहीत नोंद ठेवा. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुणाबरोबर, साधारण किती, आणि त्याआधी काय घडलं होतं. पगाराचा दिवस, शनिवार, साहेबांची बोलणी, गावाहून भावाचा जमिनीवरून आलेला फोन. ज्या दिवशी प्यायला नाही, त्या दिवसाची नोंद तर आवर्जून करा. तो दिवस वेगळा का गेला? ही वही त्याच्या तोंडावर फेकायला नाही. पुढे डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा ‘रोज पितो हो’ यापेक्षा ती कितीतरी जास्त सांगेल, आणि त्याच्याशी कधी बोलायचं हे ठरवायला तुम्हालाही उपयोगी पडेल.

एकदम दारू तोडू नका

हा भाग नीट वाचा. इथली चूक जिवावर बेतते.

बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला खोलीत कोंडून, पैसे काढून घेऊन किंवा माळ घालायला लावून एका दिवसात दारू बंद करायला लावणं धोक्याचं असतं. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, छातीत धडधड आणि झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. काही जणांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, कुणी मारायला आलंय असं वाटतं, कुठे आहोत ते कळत नाही, ताप चढतो. गावाकडे याला बाहेरची बाधा समजून मांत्रिकाकडे नेतात आणि त्यात मोलाचे तास जातात. ही वैद्यकीय तातडीची अवस्था आहे. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. आकडी किंवा भ्रम दिसला की १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या देऊन हाच काळ सुरक्षितपणे पार पडतो.

नेहमी घडणारी आणि सहज टाळता येणारी आणखी एक गोष्ट आहे. माणूस पाय मोडला म्हणून किंवा ऑपरेशनसाठी दवाखान्यात दाखल होतो आणि घरचे लाजेपोटी दारूचं सांगत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो वॉर्डात बडबडायला लागतो, सलाईन उपसून टाकतो आणि कुणालाच कारण कळत नाही. दाखल करतानाच डॉक्टरांना सांगा: रोज पितात, इतकी पितात, शेवटची अमुक वेळी घेतली होती. बऱ्याच वर्षांच्या पिण्याने शरीरातलं थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, फार कमी झालेलं असतं आणि ते वेळेवर मिळालं नाही तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डॉक्टरांना माहीत असेल तर ग्लुकोज लावण्याआधी ते थायमिन देतात.

पिऊन बेशुद्ध पडलेल्याला एका कुशीवर वळवा. उलटी श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून हे महत्त्वाचं आहे. तोंडात लिंबूपाणी किंवा ताक ओतू नका, मुद्दाम उलटी करवू नका. हलवून जागा होत नसेल, श्वास मंद किंवा थांबून थांबून होत असेल, तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणत बसू नका.

झोपेच्या गोळ्यांचं व्यसनही असंच एकदम तोडायचं नसतं. गर्द एकदम बंद झाल्यावर होणाऱ्या त्रासाला ‘टर्की’ म्हणतात. त्यात अंग मोडून येतं, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, जुलाब होतात आणि माणूस तडफडतो. धडधाकट माणसाच्या जिवाला तिचा धोका दारूच्या तुलनेत कमी असतो, पण तीही औषधांनी सुसह्य होते. ती सोसायला लावण्यात काहीच पुण्य नाही.

चहात गुपचूप पूड टाकू नका

‘पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर, एसटीच्या पाठीवर आणि आता मोबाईलवरही दिसतात. या पुड्यांमध्ये काय असतं ते पाकिटावरून कळत नाही. डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते आणि रक्तदाब कोसळतो. हृदय किंवा यकृत आधीच बिघडलेलं असेल तर जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणून हे औषध तपासण्या करून, माणसाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं. अशा संमतीने, घरच्या माणसासमोर रोज गोळी घेतली तर त्याचा अनेकांना चांगला उपयोग होतो. गुपचूप देणं मात्र विषप्रयोगासारखंच आहे. आणि एकदा त्याला कळलं की घरच्या जेवणावरचा आणि पुढच्या खऱ्या औषधावरचाही त्याचा विश्वास उडतो.

माळेबद्दल मला आदर आहे. पंढरीची वारी करून, माळ घालून सुटलेली माणसं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. माळेबरोबर नवी संगत, रोजचा नेम आणि गावात नवी ओळख मिळते आणि त्यात मोठी ताकद आहे. फक्त आधी डॉक्टर, मग माळ, असा क्रम ठेवा. आणि माळ तुटली तर ‘आता देवही गेला’ असं त्याला वाटू देऊ नका.

‘लग्न करून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल’ हा सल्ला मात्र पूर्णपणे चुकीचा आहे. त्यात एका परक्या मुलीचं आयुष्य औषध म्हणून वापरलं जातं आणि आजार जागच्या जागी राहतो.

परिणाम झेलणं थांबवा

आता सगळ्यात अवघड काम. रोज काय होतं ते आठवा. सोमवारी तो उठत नाही, तुम्ही ऑफिसला फोन करून ‘पोट बिघडलंय’ म्हणता. वाइन शॉपची किंवा परमिट रूमची उधारी तुम्ही फेडता, कारण चारचौघांत नाव जाईल. रात्री तो दारात पडला तर उचलून आणता, कपडे बदलता, ओकारी पुसता, आणि सकाळी त्याला उशीवर स्वच्छ अभ्रा दिसतो. त्याच्या दृष्टीने काल काहीच घडलेलं नसतं. हे सगळं तुम्ही प्रेमानेच करता. पण दारूचा त्रास सगळ्या घराला होतो आणि पिणाऱ्यापर्यंत तो पोहोचतच नाही.

म्हणून यापुढे खोटे फोन बंद. ऑफिसला त्यानेच कळवायचं. उधारी त्याची, ती त्यानेच फेडायची. दुकानदाराला एकदा शांतपणे सांगा, आम्ही देणार नाही. सावकाराचं किंवा बचतगटातून त्याच्यासाठी काढलेलं नवं कर्ज नको. दागिने, जमिनीचे कागद, पासबुक सुरक्षित ठिकाणी ठेवा, तुमच्या खात्याचा पिन बदला आणि फोनमधलं पैसे पाठवायचं ॲप त्याच्या हाती देऊ नका. शाळेची फी शाळेत, किराणा दुकानदाराकडे, वीजबिल थेट कंपनीला भरा. हातात रोख देऊ नका. ओकारी पडलेली चादर त्याने उठल्यावर धुवायची.

याचा अर्थ त्याला मरायला सोडणं नव्हे. थंडीत रस्त्यावर पडला असेल तर आणायचंच. पिऊन गाडी चालवायला निघाला तर किल्ली काढून घ्यायचीच, कारण रस्त्यावर दुसऱ्यांचेही जीव असतात. जिवाचा धोका टाळायचा, गैरसोय टाळायची नाही. रोज ही सीमा तुम्हालाच ठरवावी लागेल.

हे घरातल्या सगळ्यांनी मिळून केलं तरच चालतं. बायको पैसे बंद करते आणि सासू पदराच्या गाठीतून शंभर रुपये काढून देते, ‘पोरगा तडफडतोय, बघवत नाही’ म्हणून. किंवा सासू सुनेला बोलते, ‘तूच धड वागत नाहीस, म्हणून पितो.’ या दोघींच्या भांडणात त्याला रोज पळवाट मिळते. एका दुपारी तो घरी नसताना आई, बायको, भाऊ, जवळ असेल तर मामा, असे बसा. कुणामुळे पितो यावर एक शब्दही बोलायचा नाही. पैसे कोण देणार नाही, ऑफिसला कोण फोन करणार नाही, मारहाण झाली तर कुणाच्या घरी जायचं, एवढं ठरवा.

आणि धमक्या देणं सोडा. ‘पुन्हा प्यायलास तर माहेरी जाईन’ हे दहादा म्हणून एकदाही न गेलेल्या बायकोचं अकरावं वाक्य त्याला ऐकूच येत नाही. जे खरंच करणार आहात तेवढंच बोला, आणि बोललात की करा. अगदी लहान गोष्टीपासून सुरुवात करा: ‘तुम्ही पिऊन आलात तर मी जेवायला थांबणार नाही. ताट झाकून ठेवीन आणि पोरांना घेऊन झोपेन.’ हे पाळता येतं.

तो शुद्धीत असताना त्याच्याजवळ जा

बहुतेक घरांत उलट चालतं. तो पिऊन आला की सगळं घर त्याच्याभोवती असतं. आरडाओरडा, रडणं, समजावणं, शेजाऱ्यांना बोलावणं. ज्या संध्याकाळी तो न पिता घरी येतो, त्या संध्याकाळी मात्र अबोला असतो. कालचा राग मनात साठलेला असतो, तो स्वाभाविकच आहे. पण त्याच्या वाट्याला काय येतं? प्यायल्यावर सगळ्यांचं लक्ष, न प्यायल्यावर भकास घर.

न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या रॉबर्ट मायर्स आणि विल्यम मिलर यांनी हे चक्र उलटं फिरवण्याची पद्धत घरच्यांना शिकवली. १९९९ साली त्यांनी १३० कुटुंबांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. या घरांमधले पिणारे उपचार साफ नाकारत होते. एका गटातल्या घरच्यांना ही पद्धत शिकवली. दुसऱ्या गटाला सगळ्यांनी मिळून पिणाऱ्याला समोर बसवून जाब विचारायची तयारी करून दिली. तिसऱ्या गटाला अल-अनॉन या पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच्या गटाच्या विचाराने, म्हणजे त्याच्यात न गुंतता स्वतःला सांभाळण्याचं मार्गदर्शन केलं. पहिल्या गटातले ६४ टक्के पिणारे उपचारांना आले, दुसऱ्यातले ३० आणि तिसऱ्यातले १३. दुसऱ्या गटातल्या बहुतेक घरच्यांना तर समोरासमोरची ती बैठक घेणंच जमलं नाही. पाच नातेवाईक गोळा करून एका माणसाला खुर्चीत बसवणं आपल्याकडेही नेहमी चालतं, म्हणून हे आकडे लक्षात ठेवा. अल-अनॉनला यात कमी लेखायचं कारण नाही. त्यांचं उद्दिष्टच घरच्यांना शांत आणि उभं ठेवणं हे आहे, आणि ते काम ते चांगलं करतात.

घरात हे असं करायचं. न पिता आला की चहा, त्याच्या आवडीची भाजी, पोरांबरोबर क्रिकेट मॅच, रात्री कोपऱ्यापर्यंत एक चक्कर. ‘आज तुम्ही असे घरी होतात, बरं वाटलं,’ एवढंच म्हणा. त्याला ‘बघा, नाही प्यायलात तर किती छान’ असं शेपूट जोडू नका. पिऊन आला की भांडण नाही, प्रश्न नाहीत, उपदेश नाही. शांतपणे दुसऱ्या खोलीत जा. एकच खोली असेल तर पोरांना घेऊन शेजारी. वहीत शनिवार सगळ्यात वाईट दिसत असेल तर शनिवारी संध्याकाळी दुसरं काहीतरी ठरवा. बहिणीकडे जेवण असेल, भजन असेल, शेतावरचं काम असेल. सुरुवातीला खोटं वाटतं, रागही येतो. मनात राग असताना गोड बोलायचं कसं? पण इथे गोड बोलायचं नसतं, फक्त कोणत्या वेळी जवळ जायचं ते बदलायचं असतं. आठवडे लागतात. काही वेळा महिने.

उपचारांचा विषय कधी आणि कसा काढायचा

पिलेला असताना बोलायचं नाही. सकाळी डोकं ठणकत असताना, पोरांसमोर किंवा सासऱ्यांसमोरही नाही. साधारणतः एखादी झळ त्याला स्वतःलाच बसलेली असते तेव्हा दार थोडं उघडतं. डॉक्टरांनी यकृताचा रिपोर्ट दाखवला, ऑफिसातून मेमो आला, पोरगी शाळेतून रडत आली. दुसऱ्या दिवशी दुपारी, तो शुद्धीत असताना, एकट्याला गाठा आणि थोडंच बोला. घडलेली एक गोष्ट, तुम्हाला काय वाटलं ते, आणि एकच मागणी.

बहीण असाल तर: ‘दादा, परवा तू जिन्यात पडलास तेव्हा तुझी पोरगी दारात उभी होती. मला फार भीती वाटली. गुरुवारी सिव्हिलला मानसोपचाराच्या ओपीडीत जाऊया, मी येते तुझ्याबरोबर. फक्त एकदा.’ बायको असाल तर: ‘अहो, तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही. तुम्हाला थांबायचंय आणि थांबता येत नाही, हे मला दिसतंय. यावर औषध आहे. डॉक्टरांना विचारायला काय हरकत आहे?’ ‘बेवडा’, ‘दारुडा’ हे शब्द आणि ‘तुझ्या बापासारखाच निघालास’ ही वाक्यं कायमची सोडा.

‘बघू’, ‘पुढच्या महिन्यात’ असं तो म्हणेल. वाद घालू नका. विषय सोडा आणि पुढच्या झळीची वाट बघा. पण ‘बरं, चल’ म्हणाला तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी निघता आलं पाहिजे. हे मन फार थोडा वेळ टिकतं. म्हणून डॉक्टरांचं नाव, ओपीडीचा वार, खर्चाचे पैसे, रजेचा अर्ज, सोबत कोण जाणार, हे सगळं आधीच तयार ठेवा.

कुठे न्यायचं

सगळ्यांनाच भरती व्हावं लागत नाही. ज्यांना आकडी किंवा भ्रमाचा धोका नाही, घरात आधार आहे, त्यांना मानसोपचारतज्ज्ञांच्या ओपीडीतूनही उपचार घेता येतात. नॅल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेटसारख्या औषधांनी अनेकांची पुन्हा पिण्याची ओढ कमी होते. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. सुरुवात कुठून करावी ते कळत नसेल तर १४४४६ या राष्ट्रीय नशामुक्ती हेल्पलाइनवर किंवा १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेच्या, क्रमांकावर बोला. टेली-मानसवर मराठीत बोलता येतं आणि घरच्यांनीही फोन करायचा असतो.

पुण्यात येरवड्याला १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीचा त्याला आधार होता. तेव्हा मुंबई-पुण्यात गर्दची लाट होती, नंतर दारूचे पेशंट वाढत गेले. बायकांसाठी तिथे निशिगंध हा वेगळा विभाग आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या पुढाकाराने चालणारं मुक्तिपथ हे अभियान तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचाराचे दवाखाने चालवतं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रात अनेक शहरांत मराठीत भरतात आणि त्या फुकट असतात. तिथे डॉक्टर नसतात, सुटलेली माणसं असतात. ‘यालाही असंच होत होतं’ हे कळल्यावर जे होतं ते औषधाने होत नाही. म्हणून दोन्ही चालू ठेवा.

खासगी केंद्र निवडत असाल तर आधी एकटे जाऊन बघून या. दारू तुटायच्या पहिल्या आठवड्यात रात्री डॉक्टर असतात का? मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात? नोंदणी दाखवतात का? पेशंटला घरी फोन करता येतो का, आणि तुम्हाला भेटता येतं का? घरच्यांसाठी मीटिंग होते का, आणि सोडल्यावर फॉलोअप असतो का? फी लेखी देतात का? ‘सहा महिने भेटायचं नाही, आम्ही सरळ करतो’ असं म्हणणाऱ्याकडून उठून या.

रात्री गाडी पाठवून, चार माणसांनी उचलून नेण्याची ‘सोय’ काही ठिकाणी विकली जाते. तिच्या मोहात पडू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. या कायद्याने साखळीने बांधायला साफ मनाई आहे. पेशंट स्वतः तयार नसेल तर भरतीसाठी ठरलेली प्रक्रिया आहे. मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक तज्ज्ञ स्वतंत्रपणे तपासतात. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा माणूस स्वतःची काळजी घेण्याच्या स्थितीत नसेल, अशाच वेळी ती करता येते. ही भरती आधी जास्तीत जास्त ३० दिवसांची असते. गर्दसारख्या अमली पदार्थाच्या व्यसनात घरचे पोलिसांना भिऊन लपवतात. त्यांनी हे जाणून घ्यावं की १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला थोड्या प्रमाणातल्या अमली पदार्थाच्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं.

घरी परतल्यावर

घरचे आरती ओवाळतात आणि दुसऱ्याच दिवशी सगळे हिशोब काढतात. दोन्ही नको. पहिले काही महिने झोप नीट लागत नाही, चिडचिड होते, रिकाम्या संध्याकाळी काय करायचं ते कळत नाही. दारू गेली तरी स्वभाव लगेच बदलत नाही. तोंडाचा वास घेणं, खिसे तपासणं, ‘खरंच मीटिंगलाच गेला होतास ना?’ असं विचारणं थांबवा. त्याऐवजी औषध आणि फॉलोअपची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि सोबत जा. घरात पाहुण्यांसाठीसुद्धा बाटली ठेवू नका. हळद, वरात, शिमगा, जत्रा, ३१ डिसेंबर हे दिवस आधीच ठरवून ठेवा. जायचं की नाही, गेलं तर जेवून लगेच निघायचं, सोबत कोण असेल. मेहुणा ‘एकाने काय होतं’ म्हणेल. त्याला आधीच, एकट्याला गाठून सांगा.

पुन्हा प्यायला तर सगळं वाया गेलं असं नसतं. पिणं आटोक्यात येईपर्यंत बऱ्याच जणांची एकदा तरी घसरण होते. त्या रात्री काही बोलू नका. उतरल्यावर एवढंच विचारा, ‘डॉक्टरांना आज फोन करायचा की उद्या सकाळी?’ घसरण लपवली की ती लांबते, आणि शरमेने माणूस ग्रुपला जाणं सोडतो. गर्द किंवा अफूजन्य गोळ्यांच्या बाबतीत इथे मोठा धोका आहे. काही आठवडे बंद राहिल्याने शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि जुनी मात्रा घेतली तर श्वास थांबू शकतो. हे त्याला उपचारांच्या काळातच, स्पष्ट शब्दांत सांगितलं गेलं पाहिजे.

‘मी नसलो तरच बरं’ असं तो म्हणायला लागला तर ते नाटक समजू नका. दारूत आत्महत्येचा धोका वाढतो. एकटं सोडू नका, घरातलं कीटकनाशक आणि जास्तीच्या गोळ्या हलवा, थेट विचारा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. विचारल्याने असा विचार डोक्यात येतो हा समज चुकीचा आहे.

पोरं आणि तुम्ही

वडिलांना बोलवायला पोराला बारवर पाठवू नका, एकदाही नाही. सहा-सात वर्षांच्या मुलालासुद्धा सगळं कळत असतं. फक्त त्याला ते स्वतःमुळे झालंय असं वाटत असतं. त्याला सांगा: ‘बाबांना आजार आहे. तो तुझ्यामुळे झालेला नाही आणि तो बरा करणं तुझं काम नाही.’ रात्री भीती वाटली तर कुणाच्या दारावर थाप मारायची तेही सांगून ठेवा. शाळेतल्या विश्वासाच्या एका बाईंना घरची परिस्थिती माहीत असू द्या.

मारहाण होत असेल तर वर लिहिलेल्या सगळ्या गोष्टी नंतर. आजार हे मारण्याचं कारण होत नाही. आधार कार्ड, पोरांचे दाखले, थोडे पैसे आणि औषधं एका पिशवीत, शेजारी किंवा बहिणीकडे ठेवा. तातडीत ११२, बायकांसाठी १८१. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीबरोबर पैसे अडवणं आणि दागिने विकणं हेही येतं. त्या कायद्याखाली राहतं घर न सोडता संरक्षणाचा आदेश मागता येतो. जिल्ह्यातले संरक्षण अधिकारी अर्ज करायला मदत करतात, त्यासाठी वकील असायलाच हवा असं नाही.

तो उपचारांना आला नाही तरी तुम्ही जा. अल-अनॉनच्या सभांना किंवा मुक्तांगणच्या सहचरीसारख्या पत्नींच्या गटात जायला त्याची परवानगी लागत नाही. स्वतःची शुगर आणि रक्तदाब तपासून घ्या. वर्षानुवर्षं अर्धवट झोपलेल्या बाईचा बीपी वाढलेला असतो आणि तो कुणी बघितलेला नसतो. सुटलेलं शिवणकाम, बंद पडलेली भिशी, थांबवलेली नोकरी पुन्हा सुरू करा. त्यातून चार पैसे आणि चार माणसं मिळतात, दोन्ही लागणार आहेत. आणि कधी वेगळं राहायचं ठरवलंत तर त्याला लेखी कळवा की उपचार सुरू केले तर कोणत्या डॉक्टरांकडे आणि कोणत्या वारी तुम्ही सोबत यायला तयार आहात.